मधुबोल घेऊन जा गे मारबत

"म्हणजे कोणाचीच काही तक्रार नाही?"

पुण्याहून आलेल्या त्या पोरीनं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा आमच्या समाज भवनात एवढी शांतता पसरली की डोक्यावरच्या पंख्याला आपण एकटेच आवाज करतोय याची लाज वाटली आणि तो बंद पडला. वीज गेली होती असं काही लोक सांगतात. मला माझं कारण जास्त पटतं.

पोरीचं नाव ऋचा सहस्रबुद्धे. 'मधुबोल' नावाच्या मोबाइल कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी ऐकायचं काम तिच्याकडे होतं. ही बटणांच्या फोनच्या जमान्यातली गोष्ट. नागपुरात, इतवारीमागच्या आमच्या गल्लीत मधुबोल विकणारा दुकानदार मी, वामन पौनीकर. त्यामुळे ही सभा मीच भरवली होती. पोळ्याचा दिवस, विणकरांना मागावर सुट्टी, वरून कंपनीच्या खर्चानं तर्री-पोहे आणि संत्रा बर्फी. गल्ली नुसती आली नव्हती, पाहुण्यांना घेऊन आली होती.

शेवटी पहिल्या रांगेतून भागिरथाबाई निनावे उठल्या. आमच्या गल्लीत नळालासुद्धा त्यांना विचारल्याशिवाय पाणी येत नसे. पदर सावरून त्या म्हणाल्या, "पाहा बाई, तुमचा फोन म्हंजे कसा, लेकराहून गुनी! आमची कायची तक्रार?"

"हाव ना! लेकराहून गुनी!" सगळं भवन एका सुरात म्हणालं.

माझ्या हातातली बर्फी हातातच राहिली. कारण आदल्याच आठवड्यात याच भागिरथाबाईंनी ते गुणी लेकरू माझ्या काउंटरवर आपटलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "वामन, हे कार्टं तुह्या दुकानातलं आहे, तूच पोस!"

त्यांचा फोन चार्ज व्हायचा तो एकाच पद्धतीनं. तांदळाच्या डब्यावर ठेवायचा, तोंड रामटेककडे करायचं आणि पिन हलू नये म्हणून वरून खलबत्ता ठेवायचा. तेवढ्यात घरात कोणी शिंकलं की पहिल्यापासून सुरुवात. बॅटरी कमी झाली की तो मोठ्यानं सांगायचा, 'बॅटरी संपत आली आहे.' दर मिनिटाला सांगायचा. इतकं सांगायचा की सांगण्यातच उरलेली बॅटरी संपायची.

पण मधुबोलची खरी कीर्ती वेगळीच होती. फोन आला की तो घंटी वाजवायचा नाही, नाव पुकारायचा. एका गोड बाईच्या आवाजात, पण लग्नाच्या मांडवातल्या भोंग्याइतक्या मोठ्यानं. आणि हा आवाज बंद करायला कंपनीनं बटणच दिलं नव्हतं.

"टार्च तं असा का बस!" आता मागून डोमाजी हेडाऊ बोलला. डोमाजी म्हणजे आमच्या गल्लीचा कारागीर. बांबू आणि कागद दिला तर हत्ती करून देईल. "बटन बी दाबा लागत नाही, मॅडम. आपल्या मनानंच लागते!"

लागायचा, हे खरं होतं. झाडीपट्टीतल्या एका नाटकात, अंधारात भूत येण्याच्या ऐन क्षणाला डोमाजीच्या खिशातला टॉर्च आपोआप लागला आणि त्याची छाती हिरवीगार उजळली. पुढच्या तीन रांगा उठून पळाल्या. त्यांच्यामागून भूत पळालं. तेव्हापासून डोमाजी फोनला मोजा घालून ठेवायचा.

ऋचा हे सगळं कौतुक आपल्या हातातल्या फोनमध्ये टिपत होती. तो फोन दुसऱ्याच कंपनीचा होता. माझी नजर तिकडे गेली तशी ती हळूच म्हणाली, "आपल्या कॅमेऱ्यात माणसं ओळखू येत नाहीत हो, काका."

सभा संपली, बर्फी संपली, आणि ती माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसली. चेहरा असा, की परीक्षेत नापास झालेलं पोर बरं.

"वा मॅडम, तुमचा तं विजय झाला," मी म्हटलं.

"काका, मी बुडाले."

"काऊन?"

"मी वर्षभर ओरडतेय की फोनमध्ये दोष आहेत. आमचे मोठे साहेब म्हणतात, हे सगळं दुकानदारांचं रडगाणं. ग्राहक खूश आहे. आता पुढचा सगळा माल असाच काढायचं ठरतंय. मी भांडले, तर म्हणाले, ग्राहकाच्या तोंडून ऐकव. एका तरी गावात, एका तरी माणसाच्या तोंडून. नाहीतर तक्रार विभागाला कुलूप लावू." तिनं फोन वर केला. "आणि यात काय आहे? लेकराहून गुणी! हे मी त्यांना दाखवू? उद्या दुपारच्या गाडीनं मी परत जाणार, आणि परवा तक्रार विभाग बंद. तक्रार विभाग म्हणजे कोण माहितीये? मी. एकटी."

मला पोरीचं वाईट वाटलं. माझं स्वतःचंही वाटलं. तोच माल पुन्हा आला असता तर भागिरथाबाईंनी पुढच्या वेळी फोन काउंटरवर आपटला नसता, खलबत्ता आपटला असता.

"तुमचा नंबर द्या ना, काका. काही सुचलं तर फोन करते," ती म्हणाली. "थांबा, आहे माझ्याकडे. ऑफिसमधून मीच तुम्हाला करायचे." आणि मी हात आडवा घालायच्या आत तिनं बटण दाबलं.

माझ्या खिशातला मधुबोल गर्जला, "पुण्याची कटकट आपल्याशी बोलू इच्छिते! पुण्याची कटकट आपल्याशी बोलू इच्छिते!"

समोरच्या पानठेल्यावरची माणसं वळून पाहायला लागली. मी खिसा दाबला, फोन दाबला, शेवटी स्वतःच त्याच्यावर बसलो. माझ्या खालून तो आणखी दोनदा बोलला.

ऋचा आधी गंभीर राहिली. मग तिला जे हसू फुटलं, ते स्टूल हलेपर्यंत. डोळे पुसत म्हणाली, "काका, आज दिवसभरातली ही पहिली प्रामाणिक प्रतिक्रिया!"

तिला लॉजवर पोचवून मी थेट भागिरथाबाईंच्या ओट्यावर गेलो. त्या पोळ्याच्या पुरणाचं पातेलं घासत होत्या.

"मावशी, हे काय केलं तुम्ही? घरात शिव्या अन् भवनात आरती?"

"मंग काय करू?" त्यांनी पातेलं बाजूला ठेवलं. "एवढीशी पोट्टी, पोळ्याच्या दिवशी आपल्या दारात आलेली. तिच्या तोंडावर तिच्या मालाले नावं ठेवू? तिचा साहेब म्हनन, हिच्यापाई कंपनीची बदनामी झाली, अन् देईन काढून. मीच सकाळी घरोघरी जाऊन सांगून आली, कोनी चकार शब्द काढाचा नाही म्हनून. लेकीसारखी आहे ते."

"अहो, उलटं आहे! तुम्ही चांगलं बोलल्यानंच तिची नोकरी चालली. तुम्ही फोनले शिव्या दिल्या असत्या तं ते वाचली असती!"

भागिरथाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या वजनात मारणाऱ्या भाजीवाल्याकडे पाहायच्या.

"शिव्या देल्यानं नोकरी वाचते?"

"हाव."

"अन् तारीफ केल्यानं जाते?"

"हाव ना, मावशी!"

"वामन," त्या म्हणाल्या, "मांगं तू उमरेडच्या रस्त्यावर वाघानं तुले तंबाखू मांगतली म्हनून सांगत होता. ते मी ऐकून घेतलं. पन हे त्याच्याहून बी भल्लंच झालं."

तंबाखू नव्हती, चुना होता. पण ते जाऊ द्या. सांगायचा मुद्दा असा, की आयुष्यात पहिल्यांदा मी गल्लीत शुद्ध, धुतलेलं, वाळवलेलं खरं घेऊन फिरलो आणि एकही गिऱ्हाईक मिळालं नाही. डोमाजीनं तर मला टाळीच दिली. म्हणाला, "वामनभाऊ, जमली! वाघाच्या गोष्टीनंतर हीच."

मग मी विचार केला. माल तोच ठेवायचा, फक्त कागद बदलायचा. मी पुन्हा भागिरथाबाईंच्या ओट्यावर गेलो, पाणी मागितलं आणि बोलता बोलता त्यांना दुसरी एक लहानशी गोष्ट सांगितली. तीच जाताना डोमाजीला सांगितली. ती ऐकून भागिरथाबाईंचे डोळे मोठे झाले, आणि डोमाजीनं ओट्यावर ताडपत्री झाकून ठेवलेल्या आपल्या पुतळ्याकडे बराच वेळ पाहिलं. ती गोष्ट काय, ते येईलच पुढे. दुकानदारानं सगळा माल एकदम काउंटरवर काढायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋचा बॅग घेऊन निरोपाला आली.

"गाडी दुपारी आहे ना?" मी म्हटलं. "मंग मारबत पाहून जा."

"मारबत म्हणजे?"

आता नागपूरकराला हे कोणी विचारलं की त्याची छाती आपोआप फुगते, मोज्यातला फोन नसला तरी. मी तिला सांगितलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. मोठाले बाईचे पुतळे, एक काळी, एक पिवळी. वर्षभराची जी काही इडापिडा असेल, रोगराई, माश्या, मच्छर, ती लोक ओरडून ओरडून तिच्या अंगावर टाकतात, आणि ती सगळं घेऊन गावाबाहेर जाते. तिच्या मागे बडगे निघतात. ते गल्लीगल्लीचे पुतळे. त्या वर्षी ज्यानं लोकांना छळलं, त्याचा बडग्या करायचा, मिरवायचा आणि शेवटी जाळायचा.

"आणि कोणी रागावत नाही?"

"कोनावर रागावन? आजच्या दिवशी मानूस मानसाले बोलत नाही, मारबतीले सांगते. तोंडावर जे बोलता येत नाही ना मॅडम, ते सगळं आज निघते."

ती एकदम थांबली. माझ्याकडे पाहिलं. मग बॅग उघडून आपला तो दुसऱ्या कंपनीचा फोन काढून हातात घेतला.

मी तिला एका बंद दुकानाच्या पायऱ्यांवर, खांबाआड उभं केलं. रस्ता माणसांनी फुटायला आला होता. ढोल, ताशे, गुलाल. समोरचा माणूस काय बोलतो ते त्याच्या ओठांवरून ओळखायचं. मग पिवळी मारबत वळणावर दिसली, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत डोकावेल एवढी उंच, आणि आरोळी उठली,

"इडा पिडा, रोगराई, घेऊन जा गे मारबत!"

"माश्या, मच्छर घेऊन जा गे मारबत!"

कोणी म्हणालं, "रस्त्यावरचे गड्ढे घेऊन जा!" कोणी म्हणालं, "जावयाची दारू घेऊन जा!" त्याचा जावई शेजारीच उभा होता, तोही जोरात ओरडत होता.

आमची गल्ली समोरच्या ओट्यावर ठाण मांडून होती. पुढे भागिरथाबाई. मारबत बरोबर समोर आली तशी त्यांनी पदर कमरेला खोचला, हात वर केला, आणि साठीपलीकडच्या त्या बाईच्या गळ्यातून जो आवाज निघाला त्यानं ढोलवाल्याची काठी चुकली.

"ढिली पिन घेऊन जा गे मारबत!"

"घेऊन जा गे मारबत!" गल्ली म्हणाली.

"खलबत्त्याची चार्जिंग घेऊन जा गे मारबत!"

"घेऊन जा गे मारबत!"

आणि मग जो बांध फुटला, तो फुटलाच. एक जण म्हणाला, फोनची अक्षरं मुंगीएवढी आहेत, ती घेऊन जा. एक म्हणाला, पुस्तक इंग्रजीत आहे, मराठीत आणून दे. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, बटणं एवढी जवळजवळ आहेत की मी मुलाला फोन लावतो आणि व्याही उचलतो, तो व्याही घेऊन जा. नवी लग्न झालेली एक पोरगी होती, तिनं डोळे मिटून ओरडून घेतलं, "माहेरचा फोन आला की साऱ्या घराले सांगते, ते तोंड घेऊन जा गे मारबत!" तिची सासू तिच्या बाजूलाच होती. सासूनं सगळ्यात मोठ्यानं साथ दिली. तिलाही माहेर होतं.

ऋचा माझ्या मागे फोन धरून उभी होती.

एवढ्यात डोमाजीचा बडग्या आला. काल संध्याकाळपर्यंत तो महागाईचा बडग्या होता. पण महागाईचे बडगे त्या वर्षी आणखी चार गल्ल्यांनी काढले होते, हे मी त्याच्या कानावर घातलं होतं. आता ताडपत्रीतून बाहेर आला तो माणसाच्या दुप्पट उंचीचा मधुबोल. पोटावर ताटांएवढी बटणं. छातीवर हिरवा दिवा, तो मधूनच लागायचा आणि लागला की पोरं किंचाळायची. तोंड एवढं उघडं की आत माणूस बसावा, आणि आत खरोखरच डोमाजी भोंगा घेऊन बसला होता, बायकी आवाजात ओरडत, "बॅटरी संपत आली आहे! बॅटरी संपत आली आहे!"

लोकांनी हसून हसून रस्त्यावर बसकण मारली. आणि नेमकं तेव्हाच ऋचाला राहवलं नाही. नीट टिपता यावं म्हणून ती खांबाआडून बाहेर आली.

भागिरथाबाईंचा वर गेलेला हात तिथेच थांबला.

गर्दीतून वाट काढत त्या आमच्यापर्यंत आल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं, ते तेव्हा पाहिलं.

"माय, तू गेली नाहीस?" त्यांनी ऋचाचे दोन्ही हात धरले. "हे तुह्यासाठी नव्हतं बाई. हे मारबतीसाठी होतं. हे साहेबाले नको दाखवू. तुही नोकरी जाईन."

"मावशी," ऋचाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हसण्याचं की कसलं ते देव जाणे. "हे दाखवलं तरच माझी नोकरी राहणार आहे. हेच ऐकायला तर मी आले होते."

भागिरथाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजे काल हा वामन खरं बोलून राहिला होता?"

"हो."

"बाप्पा!" त्या मटकन पायरीवर बसल्या. त्या दिवसाचा सगळ्यात मोठा धक्का त्यांना हाच बसला. थोड्या वेळानं त्यांना दुसरं काही आठवलं. "अन् मंग ते पारडीच्या मानसाचं?"

"कोणता पारडीचा माणूस?" ऋचानं विचारलं.

"हाच तं सांगून गेला काल! गेल्या साली पारडीच्या एका मानसानं मारबतीले आपल्या कूलरची खडखड नाव घेऊन सांगतली, अन् घरी जाऊन पाहते तं कूलर चुपचाप! इडापिडा म्हनून मोघम सांगतलं तं ते नेत नाही, एकेक खोट नाव घेऊन सांगा लागते म्हने. म्हनून तं आम्ही साऱ्या गल्लीनं रात्रीतून पाठ केलं!"

ऋचा माझ्याकडे वळली. मी मारबतीकडे पाहत होतो. फार सुबक पुतळा होता त्या वर्षी.

"ते बी खरंच आहे," मी म्हटलं.

"तुम्हाला काही सांगायचं असेल तं सांगून टाका, मॅडम," डोमाजी बडग्याच्या तोंडातून ओरडला. "मारबत आता वळून जाईन!"

ऋचानं फोन माझ्या हातात दिला, ओढणी कमरेला बांधली आणि सगळ्यात वरच्या पायरीवर चढली. काल भवनात 'आपल्या काही सूचना असल्यास' असं बोलणारी ती पोर, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली,

"मोठ्या साहेबांचा हट्ट घेऊन जा गे मारबत!"

साहेब कोण, कुठले, हे त्या गर्दीत कोणालाच माहीत नव्हतं. पण प्रत्येकाचा कोणी ना कोणी मोठा साहेब होताच. इतवारीत जी गर्जना उठली ती कामठीपर्यंत ऐकू गेली म्हणतात. मला स्वतःला तर ती परत येतानाही ऐकू आली.

संध्याकाळी बडग्या जळला. ऋचा तेव्हा गाडीत होती. पण जळताना भोंग्याला धग लागली आणि तो अगदी शेवटी एकदा आपोआप बोलला, 'बॅटरी संपत आली आहे.' भोंगा जिवंत नव्हता, बॅटरी नव्हती, आत डोमाजीही नव्हता. तो माझ्या शेजारी उभा होता. तरी बोलला. नसेल पटत तर डोमाजीला विचारा.

ते चित्रण साहेबांनी पाहिलं. ऋचानं सगळं पाठवलं, फक्त शेवटचं ओरडणं कापायचं ठरवलं होतं, ते घाईत राहून गेलं. साहेबांनी म्हणे तो भाग पुन्हा लावायला सांगितला. मग विचारलं, "हा शेवटचा आवाज कोणाचा?" ऋचा म्हणाली, "एका ग्राहकाचा." साहेब म्हणाले, "मग त्यांची तक्रार पहिल्या नंबरावर घ्या."

पुढच्या संक्रांतीला नवा मधुबोल आला. पिन अशी घट्ट बसायची की काढायला दोघं लागायची. अक्षरं वाचता यायची, टॉर्च विचारून लागायचा, आणि बाजूला एक लाल बटण होतं. ते दाबलं की बाई गप्प. पहिला फोन कंपनीनं भागिरथाबाईंना पाठवला. आठवडाभरानं ऋचाचा त्यांना फोन आला, तेव्हा त्या माझ्याच दुकानात होत्या.

"मावशी, कसा वाटला नवा फोन? खरं सांगा हं. काही सुधारायला हवं का?"

भागिरथाबाईंनी पदर सावरला.

"काहीच नाही, बाई. फोन म्हंजे कसा, लेकराहून गुनी!"

पलीकडून ऋचा घाबऱ्या आवाजात म्हणाली, "काका तिथेच आहेत ना? त्यांच्याकडे द्या बरं. काका, खरं खरं सांगा, काय बिघडलंय त्याच्यात?"

मी भागिरथाबाईंकडे पाहिलं. त्या वळून पानठेल्याकडे पाहायला लागल्या होत्या.

"मॅडम," मी म्हटलं, "पोळ्याले या."